संत्र्या-लिंबाच्या सालीचे तेल : उपयोग किती, दावे किती?

सध्या बचत गटाच्या बैठकीत, हप्ता भरण्याच्या दिवशी, एक नवी बाटली हातोहात फिरताना दिसते. तपकिरी काच, आत जेमतेम दहा मिली तेल, लेबलवर संत्र्याचे किंवा लिंबाचे चित्र. विकणारी बहुधा आपल्याच ओळखीची, शेजारच्या गल्लीतली असते. ती सांगते, दोन थेंब पाण्यातून घ्या, वजन उतरेल. मानेला चोळा, बीपी उतरेल. उशीवर टाका, झोप लागेल. फरशी पुसा, जंतू मरतील. किंमत शंभर-दोनशे रुपयांपासून हजाराच्या पुढेपर्यंत काहीही असते. "सिस्टर, घेऊ का?" हा प्रश्न मला गेल्या काही महिन्यांत इतक्या जणींनी विचारला की, या वेळी आरोग्याचे पान या तेलासाठीच ठेवले आहे.

या दाव्यांपैकी काही खरे आहेत, काही अर्धे खरे आहेत आणि काही जिवावर बेतणारे आहेत. कोणते कोणत्या गटात बसतात, ते एकेक करून पाहू.

एका फळात तीन वस्तू

संत्रे, मोसंबी, लिंबू, पपनस ही सगळी एकाच कुळातली फळे. त्यांच्या सालीवर बारीक ठिपके दिसतात. त्या ठिपक्यांखाली तेलाच्या पिशव्या असतात. साल दुमडून दाबली की जो फवारा डोळ्यांत जातो आणि झोंबतो, तेच हे तेल. कारखान्यात साल दाबून किंवा खरवडून ते काढतात. काही वेळा, विशेषतः कागदी लिंबाच्या बाबतीत, वाफेवरही काढतात. इंग्रजीत त्याला 'इसेन्शियल ऑइल' म्हणतात. 'इसेन्शियल' म्हणजे शरीराला अत्यावश्यक असा अर्थ इथे नाही. फळाचा अर्क, त्याचा गंध, एवढाच अर्थ आहे. शेंगदाण्याच्या किंवा खोबऱ्याच्या तेलासारखे हे तेल नसते. ते उडून जाते आणि पेटही घेते.

लिंबाच्या रसात आंबटपणा असतो, म्हणजे सायट्रिक ॲसिड, आणि क जीवनसत्त्व असते. सालीच्या वरच्या रंगीत थरात तेल असते. मधल्या पांढऱ्या थरात पेक्टिन असते, ज्यामुळे मुरांबा घट्ट होतो. हे तिन्ही वेगळे ठेवले की अर्धी फसवणूक तिथेच संपते. 'आमच्या तेलात भरपूर व्हिटॅमिन सी आहे' असे कोणी म्हणाले तर ते चूक आहे. क जीवनसत्त्व पाण्यात विरघळते, तेलात नाही. ते हवे असेल तर वरणभातावर लिंबू पिळा, आवळा खा, पेरू खा. तांब्या-पितळेची भांडी लिंबाने लखलखतात तीही रसातल्या आंबटपणामुळे. तेलाचे दोन थेंब टाकून तांब्या घासला तर तो तसाच राहील.

तेलात मुख्य घटक लिमोनिन नावाचा असतो. संत्र्याच्या तेलात तो नव्वद टक्क्यांच्या वर असतो, लिंबाच्या तेलात साधारण साठ-सत्तर टक्के. या लिमोनिनचा स्वभाव कळला की तेलाचे फायदे आणि तोटे दोन्ही कळतात.

तो घरीच तपासता येतो. थर्माकोलच्या तुकड्यावर संत्र्याची साल जोरात दाबून फवारा उडवा. थोड्या वेळात तिथे खड्डे पडलेले दिसतील. लिमोनिन थर्माकोल विरघळवते. फुगवलेल्या फुग्यावर हाच फवारा मारला तर फुगा बहुतेक वेळा फुटतो. मुलांना हा खेळ फार आवडतो, फक्त डोळे सांभाळायचे. यावरून दोन गोष्टी लक्षात ठेवा. हे तेल चिकट, ओशट पदार्थ सोडवण्यात पटाईत आहे. आणि असे तेल घशाखाली घालण्यापूर्वी दहादा विचार केला पाहिजे.

वासाने बरे वाटते का?

थोडेफार वाटते. यावर अभ्यास झाले आहेत. २००० साली व्हिएन्नातल्या एका दंतवैद्यकाच्या दवाखान्यातला अभ्यास प्रसिद्ध झाला. दात दाखवायला आलेल्या ७२ जणांपैकी काही बसले होते त्या खोलीत संत्र्याचा वास सोडला होता. वास असलेल्या खोलीतल्या स्त्रियांना भीती कमी वाटली, मन जरा प्रसन्न राहिले. २०१४ साली इराणमध्ये शंभर गरोदर स्त्रियांवर अभ्यास झाला. मळमळ सुरू झाली की निम्म्या जणींनी बदामतेलात मिसळलेल्या लिंबूतेलाचा वास घ्यायचा, निम्म्या जणींनी नुसत्या बदामतेलाचा. लिंबाचा वास घेणाऱ्यांची मळमळ अधिक कमी झाली.

हे अभ्यास छोटे आहेत. शिवाय वासाच्या अभ्यासात एक अडचण असते. आपल्याला लिंबाचा वास दिला आहे हे बाईला कळतेच, त्यामुळे वासाचा परिणाम किती आणि 'आता बरे वाटेल' या अपेक्षेचा किती, हे वेगळे काढणे अवघड जाते. तरीही मळमळीवर लिंबाचा वास घेऊन बघायला हरकत नाही. आपल्या आया-आज्यांनी एसटीच्या घाटातल्या प्रवासात लिंबू नाकाशी धरले, ते उगाच नव्हे. मात्र त्यासाठी बाटलीची गरज नाही. ताज्या लिंबाच्या सालीला नख लावा, तेच तेल तेवढ्याच ताजेपणाने मिळते, आणि उरलेले लिंबू जेवणात कामी येते.

गरोदरपणात पाणीही पोटात ठरत नसेल, लघवी कमी आणि गडद होत असेल, उभे राहिल्यावर चक्कर येत असेल, तर वासाचे प्रयोग थांबवा आणि त्याच दिवशी दवाखाना गाठा. अशा वेळी सलाइन लागते.

घरात सुगंध हवा असेल तर आणखी एक सोपा उपाय आहे. संत्र्या-मोसंबीच्या साली पातेल्यात पाणी घालून मंद आचेवर ठेवा, वाटल्यास दोन लवंगा टाका. पंधरा मिनिटांत घरभर वास पसरतो. दहा बाय दहाच्या बंद खोलीत वंदनेच्या वेळी उदबत्तीचा धूर कोंडतो. ज्या घरात दम्याचा रुग्ण, लहान बाळ किंवा छातीचा विकार असलेले वडीलधारे आहेत, त्यांना या धुराचा त्रास होतो. तिथे सालीचे पाणी धुरापेक्षा बरे. तेही कोणाला खोकला आणत असेल तर बंद करा आणि खिडकी उघडा.

घरकामात तेल कुठे चालते, कुठे नाही

स्टिकरचा गोंद, डब्याच्या झाकणावरचा जुना चिकट थर, गॅसच्या शेगडीवरचा तेलकट राप, स्वयंपाकघरातल्या भिंतीच्या टाइल्सवरचे ओशट डाग. इथे सालीचे तेल खरेच काम करते. कापसावर दोन-तीन थेंब घेऊन घासा, मग साबणाच्या पाण्याने पुसा. शेगडी पूर्ण गार झालेली हवी, कारण तेल पेट घेते. संत्र्याची साल मेणबत्तीच्या ज्योतीजवळ दाबली तर ठिणग्या उडतात, त्या याच तेलाच्या. हातातल्या बाटलीवरून गॅसवर किंवा दिव्यावर थेंब टाकू नका. प्लास्टिक, रंगवलेले लाकूड आणि मोबाइलचे कव्हर यांवर हे तेल लावू नका, पृष्ठभाग खराब होतो.

शिवाजी उद्यमनगरात किंवा शिरोलीच्या औद्योगिक वसाहतीत काम करणारे आपले भाऊ घरी येऊन काळे, ग्रीसचे हात रॉकेल, पेट्रोल किंवा डिझेलने धुतात. त्याने कातडी कोरडी पडते, भेगा पडतात, इसब होते. बाजारात लिमोनिन असलेली हात धुण्याची क्रीम मिळते, ती रॉकेलपेक्षा चांगली. त्याहून स्वस्त उपाय असा आहे. आधी चमचाभर गोडेतेल हाताला नीट चोळा, ग्रीस त्यात सुटते. मग साखरेचे चार दाणे आणि साबण घेऊन धुवा. शेवटी खोबरेल लावा.

बिनबाटलीचा क्लीनर असा करता येतो. संत्र्या-मोसंबीच्या साली काचेच्या बरणीत भरा, बुडतील एवढा पांढरा व्हिनेगर ओता, दोन आठवडे ठेवा, गाळा, तेवढेच पाणी मिसळा. नळावरचे क्षारांचे पांढरे डाग आणि बेसिन याने स्वच्छ होते. मात्र आपल्याकडे अनेक घरांत ओटा कडाप्प्याचा आणि फरशी शहाबादी असते. हे दोन्ही दगड चुनखडीचे आहेत, आंबट काहीही पडले की त्यांची चकाकी जाते. संगमरवर आणि कोट्याचेही तसेच. त्यावर नुसते साबणाचे पाणी वापरा. दुसऱ्यांच्या घरी धुणी-भांडी, फरशी करणाऱ्या भगिनींनी हे जरूर लक्षात ठेवावे, नाहीतर मालकिणीच्या ओट्याचा डाग आपल्या पगारातून वसूल होतो.

'जंतू मरतात' हा दावा पाहू. प्रयोगशाळेत दाट तेलाने काही जंतू मरतात हे खरे. पण बादलीभर पाण्यात पाच थेंब टाकून पुसलेली फरशी निर्जंतुक होत नाही, फक्त वास येतो. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आणि पुन्हा २०२१ च्या जुलैमध्ये पंचगंगेचे पाणी घरात शिरले, ते दिवस आपण विसरलेलो नाही. पूर ओसरल्यावर गाळ काढायचा, साबणाने धुवायचे, मग टीसीएल पावडरच्या पाण्याने पुसायचे, हाच क्रम बरोबर. तिथे सुगंधी तेलाचे काम नाही.

आणि हे प्रत्येकीने घरात सांगावे. टीसीएल किंवा कोणतेही ब्लीच लिंबाचा रस, व्हिनेगर, संडास धुण्याचे ॲसिड यांच्याबरोबर कधीही मिसळू नये. त्यातून क्लोरीन वायू निघतो. बंद संडासात, वाकून काम करताना तो छातीत गेला तर माणूस गुदमरतो. स्वच्छतेचे काम करणाऱ्या आपल्या लोकांना हा धोका सर्वांत जास्त आहे आणि त्यांना सर्वांत कमी सांगितले जाते. एका वेळी एकच वस्तू वापरा, भरपूर पाणी ओता, मगच दुसरी घ्या. चुकून वायू निघालाच तर सामान तिथेच टाकून आधी उघड्या हवेत या.

डासांसाठी?

'लेमन युकॅलिप्टस' नावाचे एक तेल डासांवर चांगले चालते. पण ते लिंबाचे नसते, निलगिरीच्या एका जातीचे असते, आणि तीन वर्षांखालील मुलांना लावत नाहीत. सिट्रोनेला हेही गवताचे तेल, गवती चहाच्या जवळचे. नावातला किंवा वासातला लिंबू पाहून लिंबूतेलाची बाटली घेतली तर डास थोडा वेळ लांब राहतील आणि परत येतील. डेंग्यूसाठी आठवड्यातून एकदा बॅरल, हौद, कुंड्यांखालच्या ताटल्या, फ्रिजमागचा ट्रे रिकामे करून घासून कोरडे ठेवणे याला पर्याय नाही.

अंगाला लावताना

शुद्ध तेल थेट कातडीवर लावायचे नाही. लावायचेच तर चहाच्या एका चमच्यात, म्हणजे पाच मिली खोबरेलात, एक थेंब. हे प्रमाण एक टक्का होते. आधी कोपराच्या आतल्या बाजूला लावून दुसऱ्या दिवसापर्यंत वाट पाहा. खाज, लाली आली तर तेल आपल्यासाठी नाही.

लिंबाच्या दाबून काढलेल्या तेलाला उन्हाचे वैर आहे. त्यातल्या काही द्रव्यांवर सूर्यप्रकाश पडला की कातडी भाजल्यासारखी होते. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी लाल चट्टे, फोड येतात आणि मागे काळे डाग राहतात, जे जायला महिने लागतात. बर्गामॉट आणि ग्रेपफ्रूटच्या तेलातही हा दोष आहे. रंग उजळावा म्हणून चेहऱ्यावर लिंबू चोळून उन्हात कामाला जाणाऱ्या मुलींना नेमके उलटे फळ मिळते ते यामुळेच. आधी मुळात रंग उजळण्याची गरज आहे का, हा प्रश्न आपण आपल्या मुलींशी बोललाच पाहिजे. आणि लिंबू चेहऱ्याला लावू नका, हा एक परिचारिका म्हणून माझा स्पष्ट सल्ला आहे. लिंबूतेल अंगाला लागले असेल तर ती जागा किमान बारा तास उन्हापासून झाका.

तेल जुने झाले, बाटली उघडी राहिली की लिमोनिन हवेने बिघडते आणि ॲलर्जी करणारी द्रव्ये तयार होतात. म्हणून बाटली घट्ट बंद, अंधारात, शक्य तर फ्रिजमध्ये ठेवा. उघडल्याची तारीख लेबलवर लिहा आणि वर्षभरानंतर ते तेल अंगाला लावू नका.

पोटात घेऊ नका

पाण्यात दोन थेंब टाकून 'डिटॉक्स' करण्याचा सल्ला सर्रास दिला जातो. तेल पाण्यात मिसळत नाही, वर तरंगते आणि तसेच तोंडाला, अन्ननलिकेला लागते. शरीरातली घाण काढायला यकृत आणि मूत्रपिंडे आहेत, त्यांना या थेंबांची मदत होत नाही. खाऊमध्ये, गोळ्यांमध्ये स्वादासाठी हे तेल वापरतात, पण अत्यंत कमी आणि मोजून.

लहान मुलांसाठी ही बाटली घातक आहे. वास गोड, चित्र संत्र्याचे, मुलाला ते सरबत वाटते. घोट घेताना किंवा उलटी होताना तेल श्वासनलिकेत गेले तर फुप्फुसाला सूज येते. असे झाले तर मुलाला उलटी करायला लावू नका, मिठाचे पाणी पाजू नका. बाटली बरोबर घ्या, १०८ ला फोन करा किंवा थेट सीपीआर किंवा जवळचे मोठे रुग्णालय गाठा. खोकला, धाप, झापड यांपैकी काहीही दिसले तर एक मिनिटही थांबू नका. डोळ्यात गेले तर वाहत्या स्वच्छ पाण्याने पंधरा मिनिटे डोळा धुवा आणि मग डॉक्टरांना दाखवा. बाटली मुलांचा हात पोचणार नाही अशा ठिकाणी, औषधांइतक्याच काळजीने ठेवा.

बाटली घ्यायचीच असेल तर

संत्र्याचे तेल रस काढण्याच्या उद्योगातून जोडउत्पादन म्हणून निघते. जगात संत्र्याचा रस सर्वांत जास्त ब्राझीलमध्ये तयार होतो, त्याबरोबर तेलही भरपूर निघते. म्हणून सुगंधी तेलांमध्ये हे स्वस्तांपैकी एक आहे. दहा मिलीला हजार रुपये कोणी मागत असेल तर त्यातला मोठा भाग तेलाचा नसतो, विक्रेत्यांच्या साखळीचा असतो.

लेबलवर वनस्पतीचे शास्त्रीय नाव, काढण्याची पद्धत, उत्पादकाचा पत्ता आणि तारीख पाहा. 'फ्रॅग्रन्स ऑइल' लिहिले असेल तर तो नुसता कृत्रिम वास. गंमत म्हणजे बाटलीवरचे 'स्वीट ऑरेंज', म्हणजे सिट्रस सायनेन्सिस, हे आपल्या जालन्याच्या मोसंबीच्या जातीचे. नागपुरी संत्रे त्याहून वेगळे, मँडरिन गटातले. आणि 'लेमन' म्हणजे जाड सालीचे मोठे पिवळे लिंबू, मंडईतले आपले कागदी लिंबू ते नव्हे. कोऱ्या कागदावर एक थेंब टाका. दुसऱ्या दिवशीही मोठा ओशट डाग दिसला तर त्यात खाद्यतेल मिसळले असण्याची दाट शक्यता आहे.

दावा करणाऱ्यांना कायदा लागू आहे

वस्तीत काम करताना एक ताई भेटल्या. मानेला तेल चोळत होत्या म्हणून बीपीच्या गोळ्या दोन महिने बंद. मशीन लावले तर वरचा आकडा १९० च्या पुढे. डोके दुखत नाही म्हणजे बीपी नाही, असे त्यांना सांगितले गेले होते. रक्तदाब बहुतेक वेळा दुखत नाही, गुपचूप वाढतो आणि एक दिवस पक्षाघात करून जातो. या तेलाचा सर्वांत मोठा धोका मला इथे दिसतो. बाटलीत विष नसले तरी ती खऱ्या औषधाची जागा घेते.

औषधे व जादूटोण्याचे उपाय (आक्षेपार्ह जाहिराती) हा कायदा १९५४ पासून आहे. मधुमेह, कर्करोग, रक्तदाब, लठ्ठपणा, पक्षाघात अशा ५४ विकारांची यादी त्यात आहे. ते बरे करतो अशी जाहिरात करणे हा गुन्हा आहे. पत्रक, लेबल एवढेच नव्हे, तोंडी घोषणाही कायद्याच्या दृष्टीने जाहिरात ठरते. पहिल्या गुन्ह्याला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दंड, किंवा दोन्ही. 'आधी माल घ्या, मग खाली चार जणी जोडा' अशा पिरॅमिड योजनांना २०२१ च्या थेट विक्री नियमांनी मनाई केली आहे. पैसे अडकले असतील तर पावती जपून ठेवा आणि राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ क्रमांकावर तक्रार करा. औषधी दाव्याबद्दल अन्न व औषध प्रशासनाकडे लेखी अर्ज द्या. ओळखीच्या विक्रेत्या बहिणीवर राग काढू नका. बऱ्याचदा तिचेच पैसे सर्वांत आधी अडकलेले असतात.

अमावस्येला तिकटीवर टाकलेल्या लिंबाला पाय लागला म्हणून कोणाचे वाईट होत नाही आणि दारावरची लिंबू-मिरची आजार अडवत नाही, हे आपल्या घरांनी कष्टाने समजून घेतले. तीच पारख या बाटलीलाही लावा. कशाने, किती, कोणाला गुण आला, हे विचारा. उत्तर मिळाले नाही तर पैसे कनवटीलाच राहू द्या.

रक्तदाब आणि साखर प्राथमिक आरोग्य केंद्रात व नागरी आरोग्य केंद्रात मोफत तपासतात, गोळ्याही मोफत मिळतात. आशाताईंना विचारा, त्या दिवस आणि वेळ सांगतील. तिशी ओलांडलेल्या प्रत्येकीने वर्षातून एकदा तरी तपासून घ्यावे. गोळ्या सुरू असतील तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय एक दिवसही बंद करू नयेत. पुढच्या बैठकीला येताना बाटली आणण्याऐवजी आपले तपासणीचे कार्ड आणा, आपण एकत्र बसून आकडे वाचू.